तिसरी जागा

आमच्या लॅबमधले प्रथिनांचे तुकडे पाण्यात सोडले की आपले आपणच जुळतात आणि त्यांचं तीन जागांचं बाक तयार होतं. त्यावर तीन एन्झाइम्स शेजारी शेजारी बसतात, हातोहात काम पुढे सरकवतात. तिसऱ्याचा हात लागला की द्रावण निळं होतं.

ते तिसरं एन्झाइम माझी ताई बनवायची. ती गेली, मग तिची शेवटची कुपीही संपली.

तरी द्रावण निळं झालं.

"नळी नीट धुतली नसशील," सर म्हणाले.

नव्या नळीत केलं. निळंच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिसरी जागा तर रिकामी होती.

मग मी रोज मुद्दाम ती रिकामी ठेवायचे, आणि नळी हातात धरून वाट बघत बसायचे.

शेवटी सर वैतागले. "रिकामी जागा हवीय कशाला? बाकाला दोनच जागा कर!"

दोनच केल्या. द्रावण दिवसभर पाण्यासारखं राहिलं. मला भरून आलं.

घरी जेवायला बसताना आईने विचारलं, "ताईची खुर्ची उचलायची का गं आता?"

"राहू दे ना, आई."

सवयीने आईने तिच्या जागेवरही पेला भरून ठेवला होता. त्यातलं पाणी निळं होत चाललं होतं.