पुढारी नसलेला अर्ज

ओमानी घरांत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या अकरा जणींनी शुक्रवारी दार्सैतला जमून कामगार युनियनकडे अर्ज केला: आमचीही शाखा काढा. सगळ्यांना कोण हाकलणार? मग म्हाताऱ्यांना उचलणार कोण? व्हिसा रद्द होतो तो पहिली सही करणारीचा. म्हणून सह्या गोलात केल्या. गोल त्यांच्यातल्या क्लोटिल्डाने आदल्या दिवशीच, कामाच्या घरी, मालकाच्या अंथरुणावरच्या आईची, अम्माची, बशी कागदावर उपडी ठेवून आखला होता. बशीचा टवका उडालेला, तिथे रेघ जराशी आत गेली होती.

“असू दे गं,” सही करता करता हौसाबाई म्हणाली. “पुढारीण शोधायला फिरू देत गोल गोल.”

मंगळवारी अर्ज क्लोटिल्डाच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हातात होता. कसा आला ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

“तुमच्यात पहिली कोण?”

“कोणीच नाही, अर्बाब. बघा ना, गोल आहे.”

“खरंच की.” त्याने कागद टेबलावर नीट पसरला. आत गेलेल्या रेघेवरून दोनदा बोट फिरवलं.

“अम्माचा चहा आण, क्लोटिल्डा,” तो मायेने म्हणाला. “तिच्या नेहमीच्या बशीत.”