बांडे मासे

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच मॅडम म्हणाल्या, "अगं, हे शेपूट आहे की पंखा?"

मासा धाकटीच्या टाकीतला. ती खुदकन हसली. थोरलीही हसली, हसावं लागतं. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत, मॅडमच्या हाताखाली, शेजारशेजारच्या टाक्यांवर. काम एकच: गुंगी दिलेल्या माशाचं शेपूट पात्याने कापायचं, पाण्यात औषध घालायचं आणि शेपूट परत कसं येतं ते बघायचं. धाकटीकडे वाढीचं औषध होतं. थोरलीकडे सुजेवरचं, ज्याने वाढ खुंटते. म्हणजे थोरलीचे मासे बांडे, बिनशेपटीचे राहिले की तिचं काम फत्ते. आता बांड्या माशांचं कौतुक करायला कोण येतंय? येईल तो धाकटीच्याच टाकीला नाक लावून उभा. या नोकरीत धाकटीला आणलं कोणी? पातं धरायला शिकवलं कोणी? थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि दुखतंय हे तिला चांगलं कळायचंही.

गेल्या आठवड्यात धाकटी तापाने घरी पडली आणि तिची टाकी थोरलीकडे आली. रोज पाणी बदलायचं, औषध नव्याने घालायचं. थोरलीने धाकटीचं औषध घातलं आणि त्यावर गुपचूप आपलंही. धाकटी परत येईपर्यंत, रोज. संध्याकाळी घरी जाऊन त्याच हातांनी बहिणीच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. दोन्ही कामं तिने मनापासून केली.

शेपटं खुंटायला हवी होती. झालं भलतंच. कुठल्याही एका औषधाने ती आजवर इतकी वाढली नव्हती.

"काय वेगळं केलंस?" मॅडमनी धाकटीला विचारलं.

"मी कसलं काय करतेय, मॅडम! मी अंथरुणात होते. सगळं ताईनेच बघितलं."

मॅडमनी खुर्ची थोरलीकडे वळवली. "काय गं, पाण्यात काय घातलंस?"

थोरलीने तोंड उघडलं. सांगितलं तर हा शोध तिचा होता. पण बहिणीच्या टाकीत ते औषध का घातलं, हेही सांगावं लागलं असतं. आणि बहीण तिथेच, हातभर अंतरावर, तिच्याकडे कौतुकाने बघत उभी होती.

"तिचंच औषध," थोरली म्हणाली. "दुसरं काय घालणार?"

"मग पुन्हा करून दाखव," मॅडम धाकटीला म्हणाल्या. "नवे मासे, नवी टाकी. असंच आलं तर नवा विभाग तुझ्या हाती. नाही आलं तर नशिबाने झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

त्या गेल्या. धाकटीने नव्या माशांची शेपटं कापली, त्यांना ताज्या पाण्यात सोडलं. औषधाची बाटली तिने थोरलीपुढे धरली.

"ताई, तूच घाल ना. तुझ्या हाताला गुण आहे बघ."

थोरलीने उजवा हात पुढे केला. डावा कोटाच्या खिशातच राहिला, आपल्या औषधाच्या बाटलीवर घट्ट.