फेरतपासणी

साधना गावित राखीव जागेवर नाशिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाली आणि वरिष्ठ रसायनतज्ज्ञ शेखर पाटणकरांच्या मनात पाल चुकचुकली. तिला कायम करावे की नाही, याचा अहवाल सहा महिन्यांनी त्यांनाच लिहायचा होता आणि पुराव्यावाचून ते एक अक्षर लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्र्यंबकच्या बाजूच्या विहिरींचे पाणी ती तपासून गेली, की बाटलीत उरलेल्या पाण्यावर पाटणकर तोच प्रयोग गुपचूप पुन्हा करीत. असे तीनशे बारा नमुने झाले. चूक एकही निघाली नाही. इतका नेमकेपणा त्यांना अधिकच खटकला.

अखेर कोरा अहवाल पुढ्यात ठेवून त्यांनी तिला बोलावले.

“गावित, खरं सांगा. तुम्हाला मदत कोण करतं?”

“कोणीच नाही, सर.” तिने एक वही टेबलावर ठेवली. “तुम्ही माझे नमुने परत तपासता, ते मी पाहिलं. मला वाटलं, इथली पद्धतच असेल. म्हणून या महिन्यात मीही तुमच्या वाट्याचे नमुने परत तपासले. त्यातले नऊ जुळत नाहीत.”

पाटणकरांनी वही उघडली. नऊ आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केले होते.

“कोणाला दाखवलंत हे?”

“नाही सर. आधी तुम्हालाच विचारावं म्हटलं. माझंच काही चुकत असेल का?”

तिचे चुकत नाही, याचे तीनशे बारा पुरावे होते आणि ते फक्त पाटणकरांकडे होते.