फुकटचे पॉइंट

"कार्डच दे," सासूबाई मागून म्हणाल्या. "दुधालासुद्धा."

कोरीनने कार्ड पुढे केलं. रोख पैसे तिच्याजवळ कधी नसतच, पण सासूबाईंना, व्हर्ना हॅलस्टेड यांना, हे दर शनिवारी गल्ल्यावरच्या मुलीसमोर बजावून सांगायची हौस होती. मग त्यांनी पावती मागून घेतली, नीट वाचली आणि पर्समध्ये टाकली.

बाहेर ट्रकमध्ये रॉयस थांबला होता. ट्रकची किल्ली त्याच्या खिशात, घराची त्याच्या खिशात. नवरा म्हणून त्याने बायकोला काही कमी पडू दिलं नव्हतं, असं तो चारचौघांत सांगायचा. कार्डाचं बिल आलं की रविवारी जेवणानंतर तो फूटपट्टी लावून एकेक ओळ वाची. मागे एका कॉफीची पावती हरवली, तेव्हा कोरीनला रात्र तळघरात काढावी लागली होती. दाराला बाहेरून कडी. सासूबाई वरच होत्या आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

बिलाच्या कोपऱ्यात, कार्ड वापरल्याबद्दल बँक बक्षीस देते त्या पॉइंटांची चौकट असे. तिच्याकडे मात्र रॉयस ढुंकूनही बघत नसे.

"पॉइंट म्हणजे खुळ्यांचा बाजार," ट्रक वळवताना तो म्हणाला. "बँकेने कधी कुणाला दानधर्म केलाय? आवळा देऊन कोहळा काढतात."

"कोहळा जातो तो उधारी तुंबवणाऱ्यांचा," सासूबाई म्हणाल्या. "तू महिन्याच्या महिन्याला सगळं फेडतोस. पॉइंटांच्या नादाने नको ते विकत घेतलं नाही, तर ते फुकटच पडतात. सोडायचे कशाला?"

"तुझ्या चिकटपणाला तोड नाही हं, आई."

"असू दे. पॉइंट तुझ्याच घरात राहतात ना?"

कोरीन खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत राहिली. म्हातारीच्या चिकटपणाचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, हे म्हातारीला कळलं असतं तर तिने जीभ चावली असती. पॉइंटांवर विमानाचं तिकीट मिळतं. कोरीनची बहीण स्पोकेनला, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. ती एवढंच म्हणाली होती, ये, परतीचं तिकीट काढू नकोस.

म्हणून रॉयसचे बूट, रॉयसची दाढ, ट्रकचं पेट्रोल, सगळं त्या कार्डावर गेलं होतं. थेंबे थेंबे तळं साचत आलं होतं. नव्या बिलाबरोबर एका माणसाच्या तिकिटापुरतं भरणार होतं.

भीती होती ती सासूबाईंची. रॉयस दिवसभर कामावर असे, त्या मात्र घरातच. संगणक बैठकीच्या खोलीत आणि त्यांची विणकामाची खुर्ची बरोबर त्याच्या मागे. भर उन्हाळ्यातही त्या मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर घालून तिथे बसत. म्हातारपणी थंडी सोसत नाही म्हणे. दारात ट्रकचा आवाज आला की त्या टीव्ही बंद करत आणि सुनेकडे बघत. ती नजर कोरीनला सुईसारखी टोचे.

पुढच्या शनिवारी बिल आलं. कोरीनने संगणकावर पॉइंटांचं पान उघडलं. आकडा पुरा झाला होता. तिला हसू आवरेना.

"पुरे झाले का गं?" मागून आवाज आला.

कोरीन गर्रकन वळली. "काय पुरे, आई?"

"काही नाही. विचारलं आपलं."

तिने घाईने पान मिटलं. सोमवारी रॉयस कामावर गेला आणि सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या की तिकीट काढायचं, असं तिने ठरवलं. त्याच शनिवारी संध्याकाळी रॉयस तिला घेऊन छपराचे पत्रे आणायला गेला. सासूबाई घरीच थांबल्या. आता त्या त्याला कधी सांगतात, याच धास्तीने तिला रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी चर्चमधली एक बाई सासूबाईंना न्यायला आली. "गरिबांसाठी जमवलेले कपडे निवडायचेत, उशीर होईल," असं सांगून त्या भली मोठी बॅग घेऊन निघाल्या. दारात त्यांनी कोरीनचा हात धरला, क्षणभर जास्तच. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. सगळं सांगून टाकलंय आणि आता नामानिराळ्या होताहेत, असं कोरीनला वाटलं.

दुपारी रॉयसने मांस, बीन्स खाल्ले, फूटपट्टी घेतली, बिल वाचलं. एकही ओळ चुकली नव्हती. मग तो खुर्ची ओढत म्हणाला, "ते पॉइंट दाखव बघू."

"आज कसं काय?"

"का, बघू नये? कामावरच्या एकाने त्यावर बार्बेक्यूची भट्टी घेतली. मीही घेईन म्हणतो. उघड."

भट्टी तर भट्टी. तिकीट अजून काढलेलं नाही, म्हणजे त्याला कळणार काहीच नाही. तळं आटेल, पण जीव वाचेल. तिने पान उघडलं.

शिल्लक शून्य होती.

रॉयस खो खो हसला. "बघ! दूधपावालासुद्धा कार्ड घासून शून्य! मी काय म्हणत होतो?"

मग त्याला खालची ओळ दिसली. सगळे पॉइंट वापरले, विमानाचं तिकीट, एक, फक्त जाण्याचं. त्याचं हसू थांबलं. त्याचा हात तिच्या मानेवर आला.

"कुठे निघाली होतीस?"

"मी नाही काढलं. रॉयस, शप्पथ, मी नाही!"

"मग कुणी? भुताने?"

त्याने माऊस तिच्या हातातून हिसकावला आणि ती ओळ स्वतः उघडली. प्रवासी, व्हर्ना हॅलस्टेड. उड्डाण, आज सकाळी.