जागेचा मालक

सामसूम दुपारी पाळण्याची कडी करकरली. मी पायाने झोका देत मोबाइलवर ड्रोनच्या परवानगीचा फॉर्म भरू लागले. यंदा धरणाचं पाणी आटलं आणि सासऱ्यांचं बुडालेलं गाव उघडं पडलं. तिथे त्यांच्या आईचं जमिनीत रोवलेलं उखळ आहे. गुडघ्यांमुळे बाबांना तिथवर चालवत नाही. नवऱ्याचा ड्रोन शहापुरातल्या लग्नांत उडतो, पण धरणावर विनापरवाना उडवायला बंदी. "कारण काय लिहू, बाबा?" "उखळ बघायचंय, लिव गो." मी 'पाहणी' लिहिलं. पुढचा रकाना जागेच्या मालकाचा. "माझं नाव टाक. पाणी सरकारचं, घर माझं." "जमीन सरकारजमा झालीय, बाबा. खोटं लिहून परवानगी मिळणार नाही." बाबांनी गुडघे चोळले. "मग त्यांचंच टाक." मी 'सरकार' लिहिलं. थोरल्या लेकीनं वाकून वाचलं. "आई, पाणी गेलं ना? मग आजोबांना जागा परत का नाय देत?"