पायांमधली मोकळी जागा

टेबलावर एक लाकडी खुर्ची ठेवलेली आणि आम्ही सगळे भोवती बसून तिचं रेखाटन करत होतो. वर्गात वयानं सगळ्यांत मोठे सुतारकाका. कारखाना मुलाच्या हाती सोपवून हौसेनं डिझाइन शिकायला आलेले. त्यांचे तीन कागद वाया गेले होते.

"काका, तुम्ही बघून काढतच नाही, पाठ असलेली खुर्ची काढताय," बाई म्हणाल्या. "आता खुर्ची विसरा. पायांमधली मोकळी जागा तेवढी काढा."

"चाळीस वर्षं खुर्च्या केल्या, आता भोकं काढतो," काका पुटपुटले. पण मग एक डोळा मिटून, पेन्सिलीनं मापं घेत असे रमले की तासभर कुणाशी बोलले नाहीत.

चित्र झालं आणि वर्गात खसखस पिकली. खुर्चीचा मागचा पाय चक्क फेंगडा! आणि तोही सुताराच्या हातून.

काका उठले. पिशवीतून काटकोन्या काढून त्यांनी टेबलावरच्या खुर्चीच्या पायाला लावला. मध्ये पेन्सिल सहज जाईल एवढी फट. चित्र बरोबर होतं, खुर्चीच वाकडी होती.

बाईंनी टाळ्याच वाजवल्या. "बारा वर्षं सगळ्यांकडून हीच खुर्ची काढून घेतेय, कुणालाही दिसलं नाही! कुठल्या धांदरटानं बनवली, देव जाणे."

काकांनी खुर्ची उलटी केली. बैठकीखाली कोरलेल्या स्वतःच्याच नावावरून अंगठा फिरवला आणि लाजत हसले.

"माफ करा, बाई. तेव्हा मला चित्र काढता येत नव्हतं."