टँकरची किल्ली

सूड हे पवित्र कर्तव्य आहे. अर्जेंटिनातल्या आमच्या सांता फे प्रांताच्या हौशी मोटारशर्यत संघात ते वार्षिक सभेत पार पाडतात. गेल्या मोसमाची शेवटची शर्यत मी जिंकलो, तर अध्यक्ष डॉन एजिदिओंनी हेल्मेटचा पट्टा विरलाय म्हणून मला बाद केलं. वर म्हणाले, "नियम म्हणजे नियम, पोरा." मला दोन नातवंडं आहेत. तो पट्टा मी उशाशी टांगला. वर्षभर एकेका सभासदाला घरी निखाऱ्यावरच्या बरगड्या खिलवल्या, मतं फिरवली. आज सभेत मी गरजलो, "म्हाताऱ्याला हाकला, मला अध्यक्ष करा!" सगळे हात वर गेले. पहिला डॉन एजिदिओंचा. त्यांनी मला मिठी मारली, पाण्याच्या टँकरची किल्ली हातात कोंबली आणि बायकोला हाक दिली, "अगं, रविवारी मनसोक्त झोपायचं!" आमचा ट्रॅक मातीचा, धूळ बसवायला दर रविवारी शर्यतीआधी पहाटे अध्यक्षच पाणी मारतो.